ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापतो तेव्हा : कारण शोधण्याची पद्धत

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तापत असल्याची शंका आली की बहुतेक मालक दोनपैकी एका टोकाला जातात. काहीजण गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतात आणि प्रश्न मिटला असे समजतात, तर काहीजण गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च ऐकूनच गाडी विकायला काढतात. दोन्ही निर्णय निदानाच्या आधीच घेतलेले असतात. गिअरबॉक्स तापण्याची कारणे ढोबळमानाने दोन गटांत बसतात : आत प्रमाणाबाहेर उष्णता निर्माण होते, किंवा निर्माण झालेली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. आपली गाडी कोणत्या गटातली, हे ठरवायला सुरुवातीला महागडे उपकरण लागत नाही. ती कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेगात आणि किती वेळाने तापते याची मोबाइलमध्ये केलेली साधी नोंद पुरते. गोव्यात पर्वरीच्या कोंडीत तापणारी, महामार्गावर एकसारख्या वेगात तापणारी आणि चोर्ला घाटात तापणारी अशा तीन गाड्यांचे दोष बहुधा तीन वेगळे असतात, आणि पुढचे सगळे निदान याच फरकावर उभे आहे.

गिअरबॉक्स कोणता आहे?

‘ऑटोमॅटिक’ म्हणून आपल्याकडे चार प्रकारच्या गाड्या विकल्या जातात आणि त्या चारही एकाच रीतीने तापत नाहीत. इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिक मॉडेलासारख्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाची शक्ती गिअरपर्यंत ऑइलच पोहोचवते : इंजिनाच्या बाजूची पाती ऑइल फेकतात, समोरची पाती त्या माऱ्याने फिरतात, आणि दोन्ही बाजूंच्या वेगात जेवढा फरक राहतो तेवढी शक्ती उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. होंडा सिटीसारख्या गाड्यांतील सीव्हीटीमध्ये दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा धातूचा पट्टा असतो; तेथेही उष्णता ऑइलनेच वाहून न्यावी लागते. फोक्सवॅगन, स्कोडा, ह्युंदाई आणि किआ यांच्या काही मॉडेलांत दोन क्लचचा डीसीटी गिअरबॉक्स येतो, आणि त्यांतील सात गिअरच्या अनेक गिअरबॉक्सचे क्लच कोरडे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले असतात. मारुती व टाटांच्या छोट्या गाड्यांतील एएमटी हा तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते.

हे आधी माहीत असणे आवश्यक आहे, कारण कोरड्या क्लचच्या डीसीटीत किंवा एएमटीत ‘गिअरबॉक्स गरम’ असा इशारा येतो तेव्हा सहसा ऑइल नव्हे, क्लच तापलेला असतो. अशा गाडीचे ऑइल बदलून काहीही साध्य होत नाही. प्रकार कोणता ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि त्याच पुस्तिकेत ऑइलचा नेमका प्रकारही सापडतो.

इशारा आला त्या क्षणी

पडद्यावर संदेश आला, दातेरी चाकाचे चिन्ह पेटले, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून पिकअप देईनाशी झाली, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी, गिअर ‘पी’मध्ये टाकावा आणि इंजिन चालूच ठेवावे. इंजिन ताबडतोब बंद करण्याकडे आपला हात आपसूक जातो. मात्र गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनावर फिरतो, आणि इंजिन थांबले की ऑइल गार करणाऱ्या कूलरमधून ते फिरणेही थांबते. याला अपवाद दोन आहेत. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल, किंवा बॉनेटखालून धूर येत असेल अथवा गाडीखाली ऑइल ठिबकत असेल, तर इंजिन लगेच बंद करावे, कारण ते ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडून पेट घेऊ शकते.

संदेश निघून गेल्यावर गाडी हळू चालवत न्यावी. गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर पुढची चाके ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके आणि मागची चाके ढकलणाऱ्या गाडीची मागची चाके रस्त्यावर फिरता कामा नयेत. दोर बांधून ओढल्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो आणि जो दोष नव्हता तो निर्माण होतो. क्रेनवाल्याला फोन करतानाच फ्लॅटबेड, म्हणजे चारही चाके उचलून नेणारा सपाट ट्रक, पाठवायला सांगावे.

खरोखर तापतो आहे का?

जळका वास आला म्हणजे गिअरबॉक्सच जळाला असे नाही. अनमोड घाट उतरून मोल्याला पोहोचलेल्या गाडीला येणारा वास पुष्कळदा ब्रेकच्या पॅडचा असतो. चोर्ला घाटात तर तो पुढे चाललेल्या मालवाहू ट्रकच्या क्लचचाही असू शकतो, आणि ट्रक मागे पडला की वासही जातो. जळालेल्या गिअर ऑइलचा वास करपलेला, काहीसा आंबूस आणि चिकटून राहणारा असतो. गाडी थांबवून बॉनेट उघडल्यावर तो वाढतो.

सेन्सर खोटे बोलतो आहे का, हे तपासण्याची सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला, तिच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर जोडावा, फक्त इग्निशन चालू करावे आणि तीन तापमाने वाचावीत : गिअर ऑइलचे, कूलंटचे आणि आत जाणाऱ्या हवेचे. तिन्ही आकडे एकमेकांपासून पाच-सात अंशांच्या आत असले पाहिजेत. कूलंट २८ अंश आणि गिअर ऑइल ७० अंश दिसत असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. हा सेन्सर तापला की त्याचा विद्युत रोध घटतो; त्यामुळे वायर कोठे घासून गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली, तर संगणकाला ऑइल उकळते आहे असे वाटते. स्कॅनरवर पी ०७११, पी ०७१२ किंवा पी ०७१३ हे दोषाचे कोड आले तर आधी याच बाजूला पाहावे. पी ०२१८ हा कोड मात्र ऑइलचे तापमान मर्यादेपलीकडे गेल्याची नोंद असते. ब्लूटूथवर चालणारा स्वस्त स्कॅनर आणि मोबाइलचे साधे ॲप कोड वाचते, परंतु गिअर ऑइलचे तापमान सर्वच गाड्यांत दाखवतेच असे नाही. त्यासाठी त्या कंपनीची माहिती असलेले ॲप किंवा गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअर ऑइल साधारणपणे ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. घाटात ते काही मिनिटे ११० पर्यंत चढले आणि सपाटीला आल्यावर उतरले, तर चिंता नको. १२० अंशांच्या वर ते टिकून राहू लागले की ऑइलचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि १५० च्या आसपास रबरी सील कडक होऊन क्लचच्या पट्ट्या जळू लागतात. कोरड्या क्लचच्या डीसीटीत स्कॅनर क्लचचे तापमान दाखवतो आणि ते याहून पुष्कळ जास्त असते. ते आकडे वरच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत.

कोंडीत, महामार्गावर की घाटात

जी गाडी फक्त कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवते, तिच्यात बहुधा वाऱ्याचा दोष असतो. वेगात असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. येथे एक खूण फार उपयोगी पडते : कोंडीत एसीची हवा कोमट होते आणि गाडी पळू लागताच पुन्हा गार होते, असे घडत असेल तर गिअरबॉक्सकडे पाहण्याआधी पंखा पाहावा, कारण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकाच पंख्यावर अवलंबून असतात. पंखा फिरताना दिसला एवढ्याने समाधान मानू नये. अनेक गाड्यांत पंख्याला दोन वेग किंवा दोन स्वतंत्र पंखे असतात, आणि त्यांतला एक बंद पडला तरी दुसरा फिरत राहतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एसी चालू करून दोन्ही वेग मिळतात का, हे कानाने ऐकून ठरवता येते.

डीसीटी आणि एएमटीच्या गाड्यांत कोंडीतल्या तापण्याचे कारण बरेचदा चालवणाऱ्याच्या पायात असते. पुढच्या गाडीमागे हातभर सरकत राहिल्याने क्लच अर्धवट लागलेलाच राहतो. रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत, विशेषतः धक्क्याच्या उतारावर, ब्रेकऐवजी हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे कितीतरी लोक दिसतात. कोरड्या क्लचसाठी त्याहून वाईट दुसरे काही नाही. ब्रेक पूर्ण दाबून थांबावे, पुढे गाडीभर जागा झाली की एकदाच निघावे, आणि आठवडाभर असे चालवून इशारा येईनासा झाला तर गॅरेजची पायरी चढण्याचे कारण उरत नाही.

महामार्गावर एकसारख्या वेगात तापणारी गाडी अधिक गंभीरपणे घ्यावी, कारण तेथे वारा भरपूर असतो आणि गिअरबॉक्सवर ताण कमी असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉक-अप क्लच असतो. वेग स्थिरावला की तो दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडतो आणि ऑइलमधली घसरण थांबवतो. तो लागला नाही तर प्रत्येक किलोमीटर उष्णता तयार होत राहते आणि पेट्रोल-डिझेलही जास्त लागते. तपासणी अशी : पत्रादेवी ते करासवाडा यासारख्या सपाट, मोकळ्या चौपदरी पट्ट्यावर ताशी ७० ते ८० किलोमीटरचा वेग धरावा, आणि शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर इंजिनाचे आणि टर्बाइनचे, म्हणजे कन्व्हर्टरमधल्या समोरच्या पात्यांचे, दर मिनिटाचे फेरे वाचावेत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. पन्नासाच्या आतला फरक चालतो. दोनशे-तीनशेचा फरक कायम राहत असेल तर लॉक-अप लागत नाही, आणि पुष्कळदा पी ०७४१ हा कोडही नोंदलेला सापडतो. कारण मात्र विजेचा झडपवजा सोलेनॉइड, जुने ऑइल किंवा खुद्द कन्व्हर्टर यांपैकी काहीही असू शकते, आणि त्यांच्या खर्चात मोठे अंतर आहे. म्हणून सोलेनॉइडची तपासणी झाल्याखेरीज कन्व्हर्टर बदलायला मान्यता देऊ नये.

याच गटातले दुसरे कारण गिअरबॉक्सच्या बाहेर असते आणि कोकणपट्टीत ते सर्रास आढळते. पावसाळाभर ओल खाल्लेल्या ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना गंजतात, किंवा हॅन्डब्रेक लावून महिनाभर उभी राहिलेली गाडी एका चाकाला ब्रेक किंचित धरूनच ठेवते. गिअरबॉक्स मग रात्रंदिवस त्या ब्रेकविरुद्ध गाडी ओढत राहतो. पंधरा-वीस किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवावी आणि थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या डिस्कचे वा ड्रमचे तापमान पाहावे. डावी-उजवी चाके सारखी नसतील, तर दोष सापडला. कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरत असत ती ‘गन’ येथे चालत नाही. ती माणसाच्या अंगातल्या तापापुरतीच मोजते.

घाटातल्या तापण्यात दोष गाडीचा आहे की वापराचा, हे आधी वेगळे करावे. माणसे आणि सामान भरलेली गाडी ट्रकमागे ताशी २० किलोमीटरने चढते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो, आणि गिअर वरचा असेल तर आणखी घसरतो. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये, ‘एल’ किंवा ‘२’मध्ये खालचा गिअर धरला की इंजिनाचे फेरे वाढतात, पंप जास्त ऑइल फिरवतो आणि कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. इंजिनाचा आवाज वाढल्याने अनेकांना हे चुकीचे वाटते. गिअरबॉक्सला ते सोयीचे असते. मागच्या वर्षी त्याच घाटात, तेवढ्याच माणसांसह न तापणारी गाडी या वर्षी तापू लागली असेल, तर मात्र ऑइल आणि कूलर या दोघांची तपासणी क्रमाने करावी.

ऑइल पाहणे

डिपस्टिक असलेल्या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. बाकीच्यांत पातळी गिअरबॉक्सचा बोल्ट काढून त्या भोकातून, इंजिन चालू ठेवून, गाडी अगदी सपाट उचलून आणि ऑइल ठरलेल्या तापमानावर असताना पाहावी लागते. अनेक गिअरबॉक्समध्ये ते तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. तापलेल्या ऑइलवर पातळी पाहून बोल्ट लावला तर प्रत्यक्षात ऑइल कमी भरले जाते. पातळी जास्त झाली तरी नुकसानच होते, कारण फिरणारे भाग ऑइल घुसळून त्याचा फेस करतात, आणि फेसाला ना दाब धरता येतो ना उष्णता.

दोन थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकून अर्धा तास ठेवावेत. निरोगी ऑइल पसरत जाते आणि त्याची लाल किंवा फिकट तपकिरी कडा एकसारखी दिसते. मध्यभागी काळा ठिपका जमून कडा जवळजवळ पसरलीच नाही, तर त्यात क्लचचा भुगा आहे. काही सीव्हीटींचे ऑइल मुळातच हिरवे किंवा निळसर असते, तेव्हा केवळ रंगावरून निर्णय देऊ नये. दुधाळ गुलाबी रंग हा मात्र वादातीत आहे : रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे, किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर पाणी गिअरबॉक्सच्या हवा खेळवणाऱ्या नळीतून आत गेले आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. क्लचच्या पट्ट्या कागदासारख्या पदार्थाच्या असतात आणि पाण्याने त्यांचा चिकटवा सुटतो.

ऑइल पॅन उघडल्यास त्यातील चुंबकावरची राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट पाहून घाबरू नये. ती झिजेची नेहमीची खूण आहे. बोटाला टोचणारे कण किंवा पितळी चमक दिसली तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले असते, असे शोरूममध्ये अजूनही सांगितले जाते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याची शिफारस करते, आणि आपल्याकडची उष्णता पाहता त्यातला लहान आकडा धरणे योग्य ठरेल. ऑइल पुस्तिकेतल्याच प्रकारचे हवे. टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-४ आणि होंडाच्या सीव्हीटीचे एचसीएफ-२ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काळी पाटी व पिवळी अक्षरे असलेली भाड्याची जुनी ऑटोमॅटिक गाडी कोणी स्वस्तात देऊ करत असेल, तर ऑइल बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये.

कूलर आणि त्याच्यापुढची माती

डिचोली, साखळी, उसगाव या भागांत फिरणाऱ्या गाड्यांच्या कूलरमध्ये खनिजाची तांबडी धूळ बसते आणि पावसाच्या पहिल्या सरीत तिचा लगदा होऊन जाळ्यांमध्ये वाळतो. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत अडकलेला असतो. अंधार पडल्यावर मागच्या बाजूने रेडिएटरवर टॉर्च धरावा आणि समोरून पाहावे. प्रकाशाचे ठिपके सगळीकडे दिसले पाहिजेत. काळा पट्टा दिसेल तेथे वारा जात नाही. धुताना साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर पाणी मारावे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पातळ ॲल्युमिनियमची पाती दुमडतात, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांत खाऱ्या हवेने ती आधीच ठिसूळ झालेली असतात.

आतल्या अडथळ्याचा अंदाज कूलरच्या दोन नळ्यांवरून येतो. गाडी अर्धा तास चालवून आल्यावर आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या नळीचे तापमान मोजावे. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर फार कमी आकडा दाखवतो, म्हणून त्या जागी आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर नेम धरावा. दोन्ही नळ्या जवळजवळ सारख्याच गरम असतील तर ऑइल फिरते आहे, पण उष्णता सोडत नाही. आत जाणारी गरम आणि परतीची अगदी थंड असेल तर ऑइल फिरतच नाही, मग कूलर तुंबलेला असो वा त्याच्या मार्गातली थर्मोस्टॅटची झडप अडकलेली असो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत नळ्याच नसतात आणि कूलर गिअरबॉक्सवर बसवलेला असून त्यातून इंजिनाचे कूलंट फिरते. अशा गाडीत कूलंटची अवस्था हाच गिअरबॉक्सचा प्रश्न होतो, आणि कूलंटऐवजी विहिरीचे पाणी घालण्याची सवय येथे महागात पडते, कारण त्यातला क्षार व गंज अशाच अरुंद वाटांमध्ये साचतो.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह, शक्यतो त्याच वेळी गाडी पुन्हा चालवून तापमान नोंदवावे; गॅरेजच्या अंगणात मारलेल्या फेरीवर विसंबू नये. पंखा, ब्रेक, कूलर, ऑइलची पातळी आणि लॉक-अप ही सगळी ठीक असूनही आकडा खाली येत नसेल, आणि गाडी थंड असताना नीट चालून तापल्यावर गिअर बदलताना इंजिनाचे फेरे उगाच वर उडत असतील, तर आतले क्लच घसरत आहेत आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. त्या कामाचा अंदाज लेखी घेताना त्यात कूलर आणि त्याच्या नळ्या धुण्याचा किंवा बदलण्याचा उल्लेख आहे का, हे पाहावे. जळालेल्या क्लचचा भुगा त्यांतच साचून राहतो आणि नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याच दिवशी परत येतो.